लहान धंद्यास छपाईयंत्र कोणतें घ्यावें?

खरीप तोंडावर आला म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं जे कागद पडतात, त्यांत बियाण्याच्या पावतीइतका महत्त्वाचा दुसरा कागद नाहीं. आणि तिच्याइतका हयगयीनें छापलेला कागदही क्वचितच आढळतो. ही पावती कोणत्या यंत्रावर छापावी व तें यंत्र घेतांना काय पाहावें, हा विषय वरवर पाहतां शेतकी मासिकास शोभणारा वाटणार नाहीं. परंतु आतां आपल्यापैकीं पुष्कळ शेतकरी स्वतःच लहानमोठे दुकानदार झाले आहेत. कोणी खतें-बियाण्यांचें दुकान चालवितो, कोणी दूध गोळा करून डेअरीस पाठवितो, कोणाचा वजनकांटा आहे. २००२ सालच्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत उत्पादक कंपन्यांचें प्रकरण घातलें गेलें, तेव्हांपासून शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कंपन्याही निघूं लागल्या आहेत. यांपैकीं प्रत्येकास प्रिंटर घ्यावा लागतो. आणि बहुतेक जण तो शहरांतील दुकानदार जो पुढें करील तो, किंवा ज्याची किंमत सर्वांत कमी तो घेऊन येतात.

प्रस्तुत लेखकाचें शेत नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत, इस्लापूरच्या शिवारांत आहे. पावसाळ्यांत पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा पाहण्यास लोक दुरून इकडे येतात. आम्हांस मात्र त्या दिवसांत पेरणीपलीकडे दुसरें कांहीं दिसत नाहीं. २०२० च्या खरिपांत सोयाबीनचें बी न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यांत सर्वत्र झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें त्यांची स्वतःहून दखल घेतली, हें वाचकांस स्मरत असेलच. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याचें बीही उगवलें नाहीं. त्यांनीं कृषि कार्यालयांत अर्ज दिला, समितीनें बांधावर येऊन पंचनामा केला, दुबार पेरणी झाली, हंगाम निघून गेला. पुढच्या उन्हाळ्यांत ग्राहक आयोगाकडे दाद मागावी असें त्यांच्या मनांत आलें. त्यास आधारही भक्कम होता. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं असा निर्णय दिला आहे कीं, बियाणें विकत घेणारा शेतकरी हा कायद्याच्या दृष्टीनें ग्राहकच होय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दाद मागण्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मिळते. मुदत शिल्लक होती, पंचनामा होता, बियाण्याची रिकामी पिशवीही जपून ठेविली होती. पावती घेण्यासाठीं त्यांनीं पेटींतून प्लास्टिकचें पाकीट काढलें, तों आंतून चार बोटें रुंदीचा एक कोरा, पिंवळट कागद निघाला. ज्या दुकानांतून बी घेतलें होतें त्यांनीं संगणकांतील जुनी नोंद शोधून देण्याचें कबूल केलें, पण ती शेवटपर्यंत मिळाली नाहीं. दावा तेथेंच राहिला.

तो कागद कोरा कां झाला, हें समजून घेतलें म्हणजे यंत्रांची अर्धी परीक्षा होते. ज्यास थर्मल प्रिंटर म्हणतात त्यांत शाई नसतेच. कागदाच्या एका अंगावर एक रंगहीन रंजक व एक आम्लधर्मी द्रव्य यांचा पातळ लेप दिलेला असतो. यंत्राच्या डोक्यांतील सूक्ष्म तापक जेथें तापतात तेथें हीं दोन द्रव्यें वितळून एकत्र येतात व काळा रंग उमटतो. हा रंग पक्का नव्हे. ऊन, तेलकट हात, तसेंच प्लास्टिक मऊ राहावें म्हणून त्यांत घातलेलीं द्रव्यें, यांनीं तो हळूहळू उडतो. उलट कागद फार तापला तर तो सगळाच काळवंडतो. आमच्या शेजाऱ्यांनीं पावती जपण्यासाठीं जें पाकीट वापरलें तेंच तिच्या मुळावर आलें. असा कागद ओळखणें सोपें आहे: कोऱ्या जागीं नखानें झरकन रेघ ओढावी, काळी रेघ उमटली तर तो कागद थर्मल समजावा.

याचा अर्थ हें यंत्र टाकाऊ आहे असा नाहीं. तें लहान आहे, जलद आहे, त्यास शाई भरण्याची कटकट नाहीं, आणि ५८ किंवा ८० मिलिमीटर रुंदीच्या कागदी गुंडाळ्या कोठेंही मिळतात. दूध-संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ जी लिटर व फॅट यांची चिठ्ठी द्यावयाची, तिचा हिशेब दहा-पंधरा दिवसांत पुरा होतो. तेथें हेंच यंत्र योग्य. उपहारगृहाचें बिल गिऱ्हाईक दारांतच टाकून जातें. तेथेंही हेंच बरें. परंतु ज्या कागदाची गरज पीक फसल्यावर, उधारी फिटतांना किंवा तंटा झाल्यावर लागणार, तो या यंत्रावर छापणें म्हणजे पाण्यावर रेघ ओढणें होय. खतांच्या विक्रीस २०१८ पासून देशभर पॉस यंत्र लागू झालें आहे. त्यांतून निघणारी चिठ्ठीही याच जातीची. तिच्यापुरता दुकानदाराचा इलाज नाहीं. घेणारानें ती घरीं येतांच तिची झेरॉक्स काढावी, निदान फोनवर छायाचित्र तरी घेऊन ठेवावें.

पुढें आम्ही कांहीं शेतकऱ्यांनीं मिळून खतें-बियाण्यांचें लहानसें दुकान काढलें, तेव्हां प्रिंटर घेण्याचें काम मजकडे आलें. शेजाऱ्यांची गोष्ट ताजी असल्यामुळें यंत्रांच्या किंमती विचारण्यापूर्वीं आम्हीं तीन प्रश्न कागदावर लिहून काढले. आपला छापील कागद किती दिवस टिकला पाहिजे? त्याच्या प्रती किती लागतात? आणि तो कोणत्या लिपींत असावा?

पहिल्या दोहोंचीं उत्तरें बरींचशीं कायद्यानेंच दिलेलीं आहेत. १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश आणि १९८५ चा खत नियंत्रण आदेश यांअन्वयें विक्रेत्यानें घेणारास रोखीची वा उधारीची पावती दिलीच पाहिजे. २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. त्याच्या नियमांप्रमाणें नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यानें मालाचें बीजक तीन प्रतींत करावयाचें असतें: मूळ प्रत घेणारास, दुसरी वाहतूक करणारास, तिसरी स्वतःपाशीं. हिशेबाचे कागद त्या वर्षाचें वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षें, सांभाळावे लागतात. म्हणजे कागद सहा-सात वर्षें तरी वाचतां आला पाहिजे. लिपीचा प्रश्न आमचा आम्हींच सोडविला: जो कागद शेतकऱ्यास वाचतां येत नाहीं त्यांतील चूक त्यास दिसत नाहीं, म्हणून पावती मराठींत.

या कसोटीवर लावतां तीन जातींचीं यंत्रें उरतात. त्यांपैकीं शाईच्या यंत्राची, म्हणजे इंकजेटची, भुरळ लोकांस लवकर पडते, कारण तें स्वस्त असतें व रंगीतही छापतें. पण येथेंच खरी मेख आहे. बैल स्वस्त मिळाला आणि त्यास रोज शेरभर सरकी लागूं लागली, तर त्या स्वस्ताईस काय करावयाचें? जुन्या पद्धतीच्या काट्रिजच्या यंत्रांत कंपनी नफा यंत्रावर घेत नाहीं, शाईवर घेते. पुढील हिशेब पाहावा. त्यांतील किंमती केवळ रीत समजण्यासाठीं कल्पिल्या आहेत, प्रत्येकानें त्या जागीं आपल्या बाजारचे आकडे घालावे. समजा, हंगामाच्या चार महिन्यांत दुकानांत रोज ४० पावत्या फाटतात व उरलेल्या आठ महिन्यांत १०. महिन्यास २५ दिवस धरतां पहिल्या ४,००० व दुसऱ्या २,००० मिळून वर्षाच्या ६,००० होतात. एक यंत्र ४,००० रुपयांचें. त्याचें ८०० रुपयांचें काट्रिज २०० पानें छापतें, म्हणजे पानास ४ रुपये. वर्षाची शाई २४,००० रुपयांची. दुसरें यंत्र १२,००० रुपयांचें. त्याची ५०० रुपयांची शाईची बाटली ५,००० पानें पुरते, म्हणजे पानास १० पैसे. वर्षाची शाई ६०० रुपयांची. यंत्रासाठीं दिलेले जादा ८,००० रुपये सुमारें २,०५० पानांतच भरून येतात, म्हणजे हंगामाचे दोन महिने सरतांच. पावती अर्ध्या पानावर बसविली तर दोन्हीकडचा खर्च निम्मा होतो, पण प्रमाण तेंच राहतें.

बाटलीनें शाई भरण्याचीं टाकीचीं यंत्रें इप्सन कंपनीनें २०१० सालीं इंडोनेशियांत प्रथम विकावयास आणिलीं. तेथील लोक काट्रिजच्या यंत्रास बाहेरून नळ्या व डबे जोडून खर्च वांचवीत असत, तें पाहून कंपनीसही शहाणपण आलें. गिऱ्हाइकाच्या काटकसरीनें कारखानदार शिकल्याचें हें उदाहरण मला फार आवडतें. तथापि या यंत्रास दोन खोडी आहेत. कांहीं दिवस पडून राहिल्यास शाई डोक्याच्या सूक्ष्म छिद्रांत वाळते. माघ-फाल्गुनांत ज्याचें दुकान ओस असतें त्यानें आठवड्यास एक पान तरी छापावें. दुसरी खोडी अशी कीं, पाण्यांत विरघळणाऱ्या रंगाची शाई ओल्या हातानें पसरते, आणि पेरणीच्या दिवसांत कोरड्या हाताचा शेतकरी कोठें भेटणार! कांहीं यंत्रांत काळी शाई न विरघळणाऱ्या रंगद्रव्याची असते. दुकानांतच एक पान छापून घ्यावें, दहा मिनिटें वाळूं द्यावें, मग त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून बोट फिरवावें. विक्रेता नाराज झाला तरी हरकत नाहीं.

लेझर यंत्राची गोष्ट निराळी. चेस्टर कार्ल्सन या अमेरिकन गृहस्थानें २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं विजेच्या भारानें कोरडी भुकटी कागदावर चिकटविण्याचा जो प्रयोग केला, त्याच्याच पोटीं आधीं झेरॉक्स व मागाहून लेझर यंत्र जन्मास आलें. त्यांतील टोनर ही प्लास्टिकची बारीक भुकटी असते. सुमारें २०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या रुळाखालून कागद गेला म्हणजे ती वितळून कागदाच्या धाग्यांत रुतते. त्यामुळें हें अक्षर पाण्यानें पसरत नाहीं व वर्षानुवर्षें टिकतें. मराठी जोडाक्षरें, रफार, वेलांट्या याच्याइतक्या स्वच्छ दुसरें यंत्र काढीत नाहीं. एच. पी. च्या लेझरजेट १०२० सारख्या यंत्रास लागणारें १२ए काट्रिज सुमारें २,००० पानें छापतें असें कंपनी सांगते, आणि त्यांत भुकटी भरून देणारे लोक तालुक्याच्या गांवींही असतात. मात्र हीं २,००० पानें धरलेलीं असतात तीं पानाचा शेंकडा पांच भाग काळा होतो असें समजून. ज्यास पावतीच्या माथ्यावर देवाचें चित्र, खालीं ट्रॅक्टरचें चित्र व मध्यें ठळक चौकटी हव्या असतात, त्याचें काट्रिज लवकर संपल्यास त्यानें कंपनीस दोष देऊं नये. नव्या यंत्राबरोबर मिळणारें काट्रिज बहुधा अपुरें भरलेलें असतें, हेंही हिशेबांत धरावें. कांहीं नव्या काट्रिजांत चिप बसवून पुन्हां भुकटी भरण्यास आडकाठी केलेली असते. तें आधींच विचारून घ्यावें.

या यंत्राचा आमच्याकडे मुख्य अडथळा विजेचा. रूळ तापवितांना तें कित्येक शें वॅट वीज एकदम ओढतें. शाईचें यंत्र दहा-पंधरा वॅटांत व डॉट मॅट्रिक्स थोड्या अधिकांत भागतें, म्हणून लाईट गेल्यावर घरगुती इन्व्हर्टरवर तीं चालतात. लेझर सुरू करतांच लहान इन्व्हर्टर बंद पडतो व बरोबर संगणकही. संगणकाच्या लहान यूपीएसवर तर लेझर कधींच जोडूं नये. पावसाळ्यांत सर्दावलेला कागदही यांत अडकतो. गठ्ठा उघडल्यावर उरलेला कागद पत्र्याच्या डब्यांत झांकून ठेवावा. ज्याच्याकडे वीज बरी आहे, ज्याची विक्री बहुतांशीं रोखीची आहे, आणि ज्यास सातबारा, आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स काढून चार पैसे जोडावयाचे आहेत, त्यानें नक्कल काढण्याची सोय असलेलें काळें लेझर यंत्र निःशंक घ्यावें.

आतां राहिलें डॉट मॅट्रिक्स. मोंढ्यांतील आडत्यांच्या गाद्यांवर टी. व्ही. एस. व इप्सन यांचीं हीं खडखडणारीं यंत्रें अनेकांनीं पाहिलीं असतील. शहरांतील तरुण विक्रेते त्यांस हंसतात. यांत बारीक पिना शाईच्या फितीवर आपटून कागदावर ठिपके उमटवितात. आवाज कर्कश, गति मंद, अक्षर खरबरीत. पण धूळ व कापसाची रुई यांस तें फारसें जुमानीत नाहीं, फीत स्वस्त असते, आणि या सर्व जातींत एकटें हेंच यंत्र कागदावर आघात करतें. आघात होतो म्हणून खालीं कार्बन ठेविल्यास एकाच वेळीं दोन-तीन प्रती निघतात.

या गोष्टीचें महत्त्व उधारीच्या दुकानांत कळतें. आमच्याकडे जूनमध्यें नेलेल्या मालाचे पैसे कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर येतात. लेझरवर दोन पानें निरनिराळीं छापलीं तर तीं सारखींच असतील असें कागद पाहून कोणी सांगूं शकत नाहीं. आंकडा बदलून दुसरें पान काढणें हा क्षणाचा खेळ आहे. कार्बनच्या दोन प्रती मात्र एकाच आघाताच्या असतात, आणि घेणारानें वरच्या प्रतीवर सही केली कीं तीच सही खालीं उतरते. एक प्रत त्याच्या घरीं, एक दुकानांत. दिवाळींत हिशेबाच्या वेळीं दोन्ही शेजारीं ठेविल्या म्हणजे वादास जागा राहत नाहीं. हें शेतकऱ्याच्या जितकें हिताचें तितकेंच प्रामाणिक दुकानदाराच्याही.

मराठीचा प्रश्न यांत थोडा अवघड आहे. या यंत्रांत मुळांत भरलेलीं अक्षरें रोमन असतात. देवनागरी मजकूर त्यास चित्र म्हणून काढावा लागतो व वेळ लागतो. एके काळीं संगणकावर मराठी उमटविण्यासाठीं पुण्याच्या सी-डॅकचें जिस्ट कार्ड आंत बसवावें लागे. युनिकोडमुळें ती अडचण आतां उरली नाहीं, पण यंत्राच्या पिना तेवढ्याच आहेत. इप्सनच्या एल. एक्स. ३१० सारख्या नऊ पिनांच्या यंत्रावर 'ष्ट' आणि 'द्ध' यांचा नुसता काळा गोळा होतो, एल. क्यू. ३१० सारख्या चोवीस पिनांच्या यंत्रावर तेंच अक्षर वाचतां येतें. मराठी पावती देणारानें चोवीस पिनांखालीं उतरूं नये, मग किंमत अधिक पडली तरी चालेल.

आम्हीं शेवटीं चोवीस पिनांचें यंत्र घेतलें आणि मराठीचा भार हलका करण्यासाठीं जुनाच उपाय योजिला. दुकानाचें नांव, परवाना क्रमांक, रकान्यांचीं शीर्षकें व अटी एवढा कायमचा मजकूर छापखान्यांतून सुबक मराठींत छापून आणिला. यंत्रास आतां घेणाराचें नांव, वाण, लॉट क्रमांक, वजन व रक्कम एवढेंच भरावें लागतें. लॉट क्रमांकाचा रकाना मुद्दाम मोठा ठेविला आहे, कारण बी न उगवल्यास तोच पिशवीवरील लेबलाशीं ताडून पाहतात. छापखानेवाल्यानें आम्हांस कार्बनविरहित कागद सुचविला होता, ज्यांत वरच्या पानावर दाब पडतांच खालच्या पानावर निळें अक्षर उमटतें. तो दिसावयास छान, हातही काळे होत नाहींत. परंतु चौकशी करतां असें आढळलें कीं त्यांतील रंगही लेपांतील द्रव्यांच्या संयोगानेंच येतो आणि ऊन व प्लास्टिक यांस तोही भितो; थर्मल कागदाचाच तो चुलतभाऊ. म्हणून आम्ही साधा काळा कार्बनच घालतों. वरची प्रत, जींत फितीची शाई आहे, ती घेणारास देतों व ती कागदी पाकिटांत ठेवण्यास सांगतों. खालच्या प्रती महिन्याच्या महिन्यास शिवून पत्र्याच्या पेटींत ठेवतों, कारण आमच्याकडे वाळवी सरकारी व खाजगी कागदांत भेद करीत नाहीं.

यंत्र कोठून घ्यावें याविषयीं एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, फोनवरून मागविलें तर पांच-सातशें रुपये वांचतात, पण तें बिघडल्यास दुरुस्त करणारा किनवटास भेटतो कीं नांदेडास जावें लागतें, हें आधीं विचारावें. हमी घरपोंच दुरुस्तीची आहे कीं यंत्र डोक्यावर घेऊन आपणच जावयाचें, तें लेखी घ्यावें. ज्याचा हिशेब संगणकावर नसून फोनवर आहे त्यानें यंत्र फोनवरून हुकूम घेतें कीं नाहीं तें दुकानांतच करून पाहावें. आमच्या यंत्राची फीत हंगामाच्या शेवटीं शेवटीं फिकट होऊं लागते. कार्बनची प्रत ठळक व वरची पुसट असा उलटा प्रकार दिसूं लागला कीं ती बदलण्याची वेळ झाली. नवी फीत आम्ही मृग निघण्यापूर्वींच घालतों व एक जादा आणून ठेवतों, कारण पेरणीच्या ऐन गर्दींत फितीसाठीं किनवटची वाट धरण्यास कोणासच सवड नसते.